सक्तीची क्रमवारी आणि कर्मचाऱ्यांचा रोष

प्रत्येक गटातील कर्मचाऱ्यांची उत्तम, मध्यम आणि कनिष्ठ अशी आधीच ठरलेल्या प्रमाणात विभागणी करणाऱ्या मूल्यमापनपद्धतीला सक्तीची क्रमवारी म्हणतात. जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपनीचे प्रमुख जॅक वेल्च (कारकीर्द १९८१ ते २००१) यांनी २०, ७० आणि १० टक्के अशी विभागणी रूढ केली आणि तळच्या १० टक्क्यांना सहसा नोकरी सोडावी लागे. मायक्रोसॉफ्टमध्ये अशाच पद्धतीविरुद्ध मोठा रोष साचला; कारण संपूर्ण गटाने चोख काम केले तरी त्यातील कोणाला तरी कनिष्ठ ठरवणे व्यवस्थापकाला भाग पडे, त्यामुळे कुशल अभियंते एकमेकांच्या गटात येणे टाळत, सहकाऱ्याला मदत करणे म्हणजे स्वतःची श्रेणी गमावणे असे मानू लागत आणि बढती वरिष्ठांच्या मर्जीवरच मिळते ही भावना बळावे. ही तक्रार केवळ कामचुकारांची नव्हती, हे आवर्जून नोंदवले पाहिजे. नोव्हेंबर २०१३ मध्ये कंपनीने ही पद्धत रद्द केली. भारतीय आयटी क्षेत्रात हीच कल्पना ‘बेल कर्व्ह’, म्हणजे घंटेच्या आकाराचा आलेख, या नावाने परिचित आहे.