खडकाळ किनाऱ्याला तिथी पाहून जावं

बीड जिल्ह्यातल्या कपिलधारला माणसं दोनदा लोटतात. पावसाळ्यात बालाघाटाच्या कड्यावरून धबधबा कोसळू लागला की सहलीला, आणि कार्तिक पौर्णिमेला मन्मथस्वामींच्या यात्रेला. जायचा दिवस एकदा पाऊस ठरवतो, एकदा पंचांग. तीच मंडळी दिवाळीच्या सुट्टीत गोव्याला निघाली की दिवस ठरतो हॉटेलच्या बुकिंगवर. कळंगुट-बागाच्या वाळूवर त्यामुळे फारसं बिघडत नाही. पण बागाची टेकडी ओलांडली की उत्तरेला हणजूणचा खडकाळ किनारा लागतो. तिथे भलत्या वेळी गेलेला माणूस खडकांवर आपटणाऱ्या लाटा बघून मागे फिरतो आणि घरी येऊन सांगतो, तिथे पाहण्यासारखं काही नाही. खडकाळ किनाराही तिथी पाहूनच गाठायचा असतो, असं माझं म्हणणं आहे.

अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्राची ओढ एका रेषेत येते आणि समुद्राला उधाण येतं. भरती जितकी वर चढते, तितकीच ओहोटी खाली उतरते. अष्टमीच्या सुमारास भांग असते. तेव्हा पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. लक्ष्मीपूजन अमावास्येलाच येतं आणि उधाणाचा जोर पुढेही दोन-तीन दिवस टिकतो. ओहोटीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकत जाते, म्हणून अमावास्येला पहाटे अंधारात लागणारी ओहोटी भाऊबीजेपर्यंत उजाडायच्या सुमारास येते. एरवी पाण्याखाली असलेला खडक तेव्हा थोडा वेळ उघडा पडतो आणि त्याच्या खळग्यांत समुद्र मागे राहतो. अशा एखाद्या खळग्याशी वाकून, आपली सावली पाण्यावर पडू न देता, पाच मिनिटं स्थिर थांबावं. रिकाम्या शंखात बिऱ्हाड केलेला खेकडा चालू लागतो. वाळूचे कण अंगाला चिकटलेला मऊ गोळा उमलतो आणि ते समुद्रफूल असल्याचं कळतं. खडकावरचे खरखरीत पांढुरके सुळके म्हणजे बार्नेकल. दिसायला शिंपल्यासारखा, पण हा प्राणी खेकडा-कोळंबीचा भाऊबंद. पाणी ओसरलं की तो चुन्याच्या झडपा मिटून आतला ओलावा जपतो. पाणी आलं की झडपा उघडून पिसांसारखे पाय बाहेर काढतो आणि अन्न गाळून घेतो. उन्हात खळग्यातलं पाणी तापतं, खारटपणा वाढतो. पावसात तेच पाणी गोडसर होतं. हे सगळं सोसून इथे जगणं चाललेलं असतं, आणि कोण किती वेळ कोरडं राहू शकतो त्यावर खडकावरची ज्याची त्याची पायरी ठरते.

यावर पहिला आक्षेप धोक्याचा, आणि तो खरा आहे. शेवाळावरून पाय घसरतो, बार्नेकलने कातडी सोलवटते, आणि पाणी कधी वळलं ते खाली पाहत चालणाऱ्याला कळत नाही. पावसाळ्यात तर तिकडे फिरकूच नये. पण उरलेल्या धोक्याचा उपायही वेळेतच आहे: ओहोटी पूर्ण व्हायच्या तासभर आधी उतरावं, पाणी वळताच वर यावं, लाटांकडे पाठ करू नये. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. गर्दी आली तर हे जग उरेल का? अमेरिकेतले संशोधक रॉबर्ट पेन यांनी १९६३ पासून वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावरल्या एका खडकावरून फक्त तारामासे काढून टाकले. मसल जातीच्या शिंपल्यांनी सगळी जागा बळकावली आणि पंधरा जातींच्या आठ झाल्या. म्हणजे मुलाच्या हट्टापायी खिशात टाकलेला एक जीवही हिशेबात धरावा लागतो. तरीही किनारा लोकांपासून लपवून तो वाचेल असं मला वाटत नाही. मुंबईत ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या गटाने २०१७ पासून लोकांना ओहोटीच्या वेळी खडकांवर नेलं. २०२० मध्ये किनारी रस्त्यासाठी वरळी आणि हाजीअलीच्या प्रवाळ वसाहती हलवायची वेळ आली, तेव्हा तिथे काय जगतं हे डोळ्यांनी पाहिलेली माणसं शहरात होती. प्रवाळाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, पण ज्याचं अस्तित्वच कुणाला ठाऊक नाही त्याच्यासाठी त्या कायद्याची आठवण कोण करून देणार?

म्हणून जरूर जा, पण पायात पकड असलेले बूट घाला, उघड्या खडकावरून चाला, उलटवलेला दगड पुन्हा होता तसा ठेवा, शंख रिकामा दिसला तरी उचलू नका. आणि पुढच्या दिवाळीत हॉटेल ठरवण्याआधी भरती-ओहोटीचा तक्ता बघा.