जुना लॅपटॉप आणि लिनक्स
विंडोज 10 या प्रणालीची नियमित विनामूल्य सुरक्षा-दुरुस्ती 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबली. तथापि असीरगढच्या पायथ्याशी काय किंवा खानदेशात काय, जुना लॅपटॉप भंगारात काढण्याची घाई कोणी करू नये. लिनस टोरवाल्ड्स यांनी 1991 साली फिनलंडमध्ये आरंभिलेली लिनक्स प्रणाली विनामूल्य मिळते व जुन्या यंत्रांवरही बहुधा चालते. सी-डॅक या शासकीय संस्थेने तीवरूनच 'बॉस' ही भारतीय भाषांची प्रणाली सिद्ध केली आहे.

असा लॅपटॉप घरी चालू ठेवल्यास खसरा-खतौनीच्या नकला, छायाचित्रे, शाळेचे धडे त्यात साठवून घरातील इतर यंत्रांवर वाय-फायने पाहता येतात. त्यास इंटरनेट लागत नाही. बॅटरी शाबूत असेल तर वीज गेल्यावर लॅपटॉप काही काळ तग धरतो. राउटर मात्र तत्काळ बंद पडतो! लिनक्स बसविताना जुना मजकूर पुसला जाण्याचा संभव असतो. यास्तव त्याची एक प्रत आधीच काढून दुसऱ्या घरी ठेवावी.