शाखेपासून संगणकापर्यंत : पॅकेजच्या स्वयंचलित प्रकाशनाची कार्यपद्धती

प्रस्तावना

संगणकाच्या पडद्यावर मराठी अक्षर कसे उमटावे, हे फॉन्ट ठरवतो. ‘दऱ्या’ या शब्दातील अर्ध्या ‘ऱ’चे रूप चुकले, तर ती चूक प्रश्नपत्रिकेपासून शोधनिबंधापर्यंत सर्वत्र पोहोचते. ‘लोहित देवनागरी’ हा रेड हॅट कंपनीने खुला केलेला फॉन्ट असून कंपनीच्या पुणे येथील अभियंत्यांनी त्याच्या विकासात व देखभालीत मोठा वाटा उचलला. फेडोरा या लिनक्स प्रणालीत तो पॅकेजच्या रूपाने मिळतो. पुण्यात केलेली दुरुस्ती रत्नागिरीतील एखाद्या महाविद्यालयाच्या संगणक कक्षापर्यंत कोणत्या मार्गाने पोहोचते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

शाखा ही संकल्पना

आज्ञावलीत झालेला प्रत्येक बदल, तो करणाऱ्याचे नाव व दिनांक यांची नोंद ठेवणाऱ्या व्यवस्थेस आवृत्ती नियंत्रण म्हणतात. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये निर्माण केलेली ‘गिट’ ही अशीच व्यवस्था होय. एकाच मजकुराच्या समांतर चालणाऱ्या प्रवाहांना तीत शाखा म्हणतात. फेडोराने २०१० मध्ये आपल्या पॅकेजच्या नोंदी गिटमध्ये आणल्या. तेथे प्रत्येक पॅकेजचे स्वतंत्र भांडार असून फेडोराच्या प्रत्येक आवृत्तीसाठी त्यात वेगळी शाखा असते. ‘रॉहाइड’ ही सतत बदलणारी, विकासाधीन शाखा होय. बदल कोणत्या शाखेत नोंदवला यावरून तो कोणत्या वापरकर्त्यांकडे जाणार हे निश्चित होते.

प्रकाशनाचे टप्पे

शाखेत बदल नोंदवून देखभालकर्त्याने आज्ञा दिली की ‘कोजी’ ही बांधणी-व्यवस्था एका कोऱ्या वातावरणात पॅकेज तयार करते. देखभालकर्त्याच्या स्वतःच्या संगणकावरील कोणतीही फाईल त्यात नकळत मिसळू शकत नाही. त्यानंतर पॅकेजवर अंकीय स्वाक्षरी होते. स्थिर आवृत्तीसाठीचे पॅकेज ‘बोधी’ या व्यवस्थेतून प्रथम चाचणी-भांडारात ठेवले जाते. परीक्षकांचा पुरेसा अनुकूल अभिप्राय मिळाल्यावर अथवा ठरलेली मुदत उलटल्यावर ते सर्वांसाठी खुले होते. ‘पॅकिट’ हे साधन याच्याही एक पाऊल पुढे जाते. मूळ प्रकल्पाने नवी आवृत्ती जाहीर करताच ते फेडोराच्या शाखेसाठी बदलाचा प्रस्ताव मांडते आणि तो स्वीकारला गेल्यावर बांधणीही सुरू करू शकते.

एक इशारा

या पद्धतीचे मर्म मार्च २०२४ मधील एका घटनेने स्पष्ट झाले. ‘एक्सझेड’ या संकोचन-साधनाच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत घातक आज्ञा दडवल्याचे अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने उघडकीस आणले. त्या आज्ञांचा काही भाग चाचणी-फाईलींच्या रूपाने गिटमध्ये होता. परंतु त्यांना कार्यान्वित करणारा भाग केवळ प्रकाशित गठ्ठ्यात होता, गिटच्या शाखेत नव्हता. फेडोराच्या व्यवस्थेने गठ्ठा मुळाबरहुकूम आहे, एवढे तपासले आणि ते खरेही होते. शाखा आणि गठ्ठा एकच आहेत का, हे मात्र कोणी तपासले नव्हते. साखळीतील नेमकी हाताने जोडलेली कडी कच्ची निघाली. तरीही शाखा वेगळ्या असल्याने हे पॅकेज रॉहाइड व प्रकाशनपूर्व फेडोरा ४० पर्यंतच पोहोचले; फेडोरा ३८ व ३९ या स्थिर आवृत्त्या त्यापासून दूर राहिल्या.

समारोप

स्वयंचलनाने श्रम वाचतात, हा त्याचा दुय्यम लाभ होय. वापरकर्त्याच्या हाती आलेले पॅकेज कोणत्या नोंदीतून निर्माण झाले हे मागे जाऊन पाहता येणे, हा मुख्य लाभ. त्यासाठी प्रकाशित होणारा गठ्ठादेखील हाताने न बांधता शाखेतूनच तयार व्हावा लागतो. मात्र शाखेत काय स्वीकारावे, हा निर्णय यंत्र घेत नाही. अर्ध्या ‘ऱ’चे रूप योग्य आहे की नाही, हे मराठी जाणणाऱ्यालाच पाहावे लागते. महाविद्यालयीन प्रकल्पांत विद्यार्थ्यांची आज्ञावली अनेकदा ‘अंतिम’, ‘अंतिम २’ अशा नावांच्या फोल्डरमधून सादर होते. त्याऐवजी विकासाची व सादरीकरणाची अशा दोन शाखा ठेवून दुसरीतूनच बांधणी करण्याचा नियम घालून दिल्यास, कोणते काम तपासले गेले आणि कोणते सादर झाले, याविषयी संदिग्धता उरणार नाही.