नवरदेव निघाले काशीला!

मांडवात नादस्वरम् वाजतंय, मुहूर्त जवळ आलाय आणि नवरदेव छत्री उघडून, काठी टेकत चक्क बाहेर चालू लागलेत! घाबरू नका. चेन्नईतल्या तमिळ ब्राह्मण लग्नात हे ठरलेलंच असतं. ही काशीयात्रा. ब्रह्मचर्य संपलं, आता संसार करायचा की संन्यास घ्यायचा? नवरदेवाचा कल म्हणे संन्यासाकडे. हातात पंखा, काखेत पोथी. चार पावलं टाकतो न टाकतो तोच मुलीचे वडील आडवे येतात, ‘माझी मुलगी देतो, संसार करा’ म्हणून विनवतात आणि स्वारी मागे फिरते. खरोखर काशी गाठल्याचं काही ऐकिवात नाही!

मराठी माणसाला हे अगदीच परकं नाही. आपल्याकडे सोडमुंजीत बटू असाच काशीला निघतो आणि मामा मुलगी देण्याचं कबूल करून त्याला परत आणतो. फरक इतकाच, की तिकडे खरी नवरी आत तयार बसलेली असते. एक मात्र खटकतं. संसार हवा की नको, हे विचारण्याचं नाटक फक्त मुलासाठी. मुलीला विचारणारी यात्रा कुणी काढली नाही.

यात्रेनंतर मामा मंडळी वधूवरांना उचलून घेतात आणि हार घालण्याची झटापट रंगते. मग झोपाळा, दूध-केळं, आणि दृष्ट लागू नये म्हणून चार दिशांना रंगीत भाताचे मुटके!

लग्न झालं तरी आडी महिना आडवा येतोच. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत नव्या सुनेला माहेरी धाडायची जुनी रीत. कारण ऐकण्यासारखं आहे. आडीत दिवस राहिले तर बाळंतपण येणार चित्तिरै महिन्यात, ऐन उन्हाळ्यात. पंखे नव्हते त्या काळात बाळ-बाळंतिणीचे काय हाल होत असतील! या महिन्यात लग्नंही होत नाहीत, म्हणून दुकानं ओस. त्यावर व्यापाऱ्यांनी तोडगा काढला: ‘आडी सेल’. टी. नगरच्या साड्यांच्या दुकानांत तेव्हा पाय ठेवायला जागा नसते.

भोगीची तऱ्हा वेगळी. आपल्याकडे त्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लेकुरवाळी भाजी. चेन्नईत पहाटे घरातलं जुनंपानं दारात जाळतात, मुलं छोटे ढोल बडवतात. पूर्वी जळायच्या त्या फाटक्या चटया आणि केरसुण्या. पुढे टायर आणि प्लास्टिक आलं. १३ जानेवारी २०१८ला धूर आणि धुकं इतकं दाटलं, की चेन्नईची विमानं दुसऱ्या शहरांकडे वळवावी लागली. दम्याच्या रुग्णांचं काय झालं असेल! अलीकडे महापालिकाच भोगीआधी जुने टायर, कपडे नि चटया गोळा करून नेते. ढोल मात्र अजून वाजतात.