पायांची भाषा आणि कुत्र्याची धाव

स्पर्धा सुरू होण्याआधी मैदानात एकही कुत्रा नसतो. असतात ती माणसं. कुणी हात लांब करून धावतंय, कुणी मध्येच गर्रकन वळतंय, कुणी एकाच अडथळ्यापाशी चार-चारदा पावलं मोजतंय. पंचांनी मांडलेली वाट त्यांना आत्ताच पहिल्यांदा दिसलेली असते आणि ती पाठ करायला हाताशी काही मिनिटंच असतात. कुत्र्याला तर थेट धावतानाच ती कळणार. अ‍ॅजिलिटी नावाच्या या खेळातली खरी कसोटी कुणाची, ते इथेच दिसतं.

खेळाचा जन्म लंडनचा. १९७८ साली ऑलिंपिया सभागृहातल्या क्रफ्ट्स या श्वानप्रदर्शनात मधल्या वेळेत प्रेक्षकांसाठी काहीतरी हवं होतं. जॉन व्हार्ली आणि पीटर मीनवेल यांनी घोड्यांच्या अडथळा शर्यतीवरून कुत्र्यांसाठी उड्यांचा खेळ बेतला. लोकांना तो इतका आवडला की १९८० मध्ये तिथल्या केनेल क्लबने त्याला मान्यता दिली. घोड्यावरून कल्पना आली खरी, पण एक फरक फार मोठा आहे. घोडेस्वाराच्या हातात लगाम असतो, मांड्यांचा दाब असतो. इथे दोरी नाही, खाऊ नाही, कुत्र्याला वा अडथळ्याला हात लावायचा नाही. उरतो आवाज आणि स्वतःचं शरीर.

आणि आवाज उशिरा पोहोचतो. बॉर्डर कॉली जातीची तरबेज कुत्री अशा वाटेवर सेकंदाला पाच मीटरच्या आसपास पळते. माणसाला डोळ्यांनी पाहून प्रतिसाद द्यायला साधारण पाव सेकंद लागतो. तेवढ्यात कुत्रा मीटरभर पुढे गेलेला असतो. शब्द तोंडातून निघेपर्यंत आणखी पुढे. त्यात पंचाईत अशी की कुत्र्याचे पाय जमिनीवरून सुटले की दिशा बदलणं त्याच्या हातात राहत नाही. डावीकडे वळायचं असेल तर कोणत्या पायावर झेप घ्यायची, किती जवळून घ्यायची, शरीर कसं वळवायचं, हे सगळं उडीच्या आधीच्या पावलांतच ठरतं. हवेत असताना मिळालेली हाक निरुपयोगी. तो सरळ उतरतो, चार-पाच मीटर वाहवत जातो आणि समोर दिसणाऱ्या चुकीच्या बोगद्यात शिरतो. चुकीचा अडथळा घेतला की जोडी बाद.

पाहणारे म्हणतात, कुत्र्याने ऐकलं नाही. मला ते पटत नाही. बहुतेक वेळा त्याने ऐकलेलंच असतं, फक्त तोंडाचं नाही, पायांचं. नेपल्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये शब्द आणि खुणा दोन्ही शिकवलेल्या कुत्र्यांना मुद्दाम उलटसुलट आज्ञा दिल्या, तोंडाने एक आणि हाताने दुसरी. बहुतेक कुत्र्यांनी खुणेला मान दिला. मैदानावर तसंच घडतं. हँडलर, म्हणजे कुत्र्याला वाट दाखवणारा माणूस, ‘डावीकडे’ ओरडतो, पण त्याचे खांदे आणि पायाचे चवडे अजून उजवीकडे असतात. कुत्रा उजवीकडे जातो. त्याच्या परीने तो अचूक असतो.

काही अडथळे कुत्र्याच्या स्वभावाच्या पार विरुद्ध जातात. साठ सेंटिमीटर अंतरावर रोवलेल्या बारा काठ्यांमधून नागमोडी जायचं; पहिली काठी डाव्या खांद्याशी आलीच पाहिजे, मधली एकही चुकता कामा नये. यासारखं काहीही तो आपणहून करत नाही, म्हणून याला महिनोन्‌महिने लागतात. उंच फळीवरून उतरताना शेवटच्या रंगीत पट्ट्यावर किमान एक पंजा टेकलाच पाहिजे, नाहीतर पाच दोष. हा नियम कुत्र्याने वरूनच उडी मारून पाय दुखावू नयेत यासाठी आहे. पण वेगात असलेल्या कुत्र्याची एक ढांग त्या पट्ट्यापेक्षा लांब असते. म्हणून कित्येक जण कुत्र्याला फळीच्या टोकाशी थांबायला शिकवतात, मागचे पाय फळीवर आणि पुढचे जमिनीवर. सीसॉवर पायाखालची फळीच खाली जाते आणि धाडकन आपटते. त्या आवाजाला एकदा घाबरलेला कुत्रा पुढे कितीतरी दिवस फळीजवळ येताच मंदावतो.

यापेक्षाही अवघड गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, ती लाळेत सापडते. नेब्रास्का विद्यापीठाच्या ओमाहा शाखेतल्या संशोधकांनी अ‍ॅजिलिटी स्पर्धेत माणसं आणि त्यांचे कुत्रे यांच्या लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, धावेच्या आधी आणि नंतर मोजलं. २०१५ मध्ये आलेल्या त्या निष्कर्षात हँडलरच्या कॉर्टिसोलमधल्या बदलाशी त्याच्या कुत्र्याच्या कॉर्टिसोलमधला बदल जुळलेला आढळला. स्वीडनमधल्या लिंकोपिंग विद्यापीठाने २०१९ मध्ये तर केसांतलं कॉर्टिसोल तपासलं, म्हणजे काही महिन्यांचा ताण. ५८ कुत्रे होते, शेल्टी आणि बॉर्डर कॉली, काही घरगुती, काही स्पर्धेतले. मालक आणि कुत्र्याचे आकडे एकमेकांशी जुळत होते, आणि मालकाच्या स्वभावाचाही कुत्र्याच्या आकड्यांशी संबंध दिसला. घरी कुत्रा असणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. दवाखान्याच्या दारात आपण धास्तावलो की तोही मागे सरतो. पण स्पर्धेत याचा अर्थ कठोर आहे. घरच्या अंगणात बिनचूक धावणारा कुत्रा मैदानात चुकतो, तेव्हा बदललेली गोष्ट बऱ्याचदा त्याच्या शेजारी उभी असते.

उत्साहाचंही तेच. ब्रे, मॅकलीन आणि हेअर या संशोधकांनी दाखवलं की शांत स्वभावाच्या कुत्र्यांना थोडं चेतवलं की त्यांचा स्वतःवरचा ताबा सुधारतो, आधीच उसळणाऱ्यांचा मात्र ढासळतो. त्यामुळे प्रारंभरेषेवर एक हँडलर कुत्र्याला चिथवतोय आणि दुसरा त्याच्या छातीवर हळूच हात ठेवून बसलाय, हे दृश्य दिसतं. दोघंही बरोबर असू शकतात.

आणि चूक झाल्यावर ओरडणारा हँडलर पुढच्या धावेचं नुकसान करून ठेवतो. वाट चुकली म्हणून दटावलेला कुत्रा वाट शिकत नाही. पुढच्या वेळी तो हळू धावतो, दर उडीनंतर मागे वळून मालकाचा चेहरा पाहतो.

म्हणून जाणती माणसं धावेचं चित्रण घरी नेऊन पुन्हा पुन्हा पाहतात, बहुतेक वेळा स्वतःच्याच पायांकडे. मग रिकाम्या जागेत चार खुर्च्या मांडून त्याच वळणाचा सराव करतात, हात कधी वळला, खांदा कधी फिरला ते मोजत. कुत्रा तेव्हा बाजूला सावलीत झोपलेला असतो.