मानेचा मणका आणि बोर्डाचा शेरा

शंकर नगरातल्या सायंकाळच्या बैठकीत, गळ्याभोवती पट्टा बांधलेला कोणी निवृत्त हवालदार अपंगत्व निवृत्तिवेतनाच्या नामंजुरीचा घडी पडलेला कागद पुढे करतो, आणि जाणती मंडळी तो वाचण्याचेही श्रम न घेता, 'वैद्यकीय बोर्डाने लिहिले, संपले. मणका वयाने झिजायचाच, त्यात फौजेचा काय दोष?' असा इन्साफ करून चहाकडे वळतात. हे इतक्यांदा ऐकले आहे की आता संताप आवरत नाही.

मणका वयाने झिजतो, चकतीतले पाणी आटते, हे कबूल. परंतु विकार सेवेमुळे उद्भवला नसला, तरी सेवेने बळावला असल्यास आणि अपंगत्व निदान शेकडा 20 असल्यास दावा उभा राहतो. म्हणून डोक्यावरचे लोखंडी टोप, पाठीवरचा वायरलेस संच आणि आजारपणाच्या जुन्या नोंदी यांचा तपशील अपिलात तारीखवार यावा.

शेऱ्याबद्दल म्हणाल, तर सिग्नल्स दलात 1985 साली भरती झालेल्या धरमवीर सिंग यांचा अपस्मार वैद्यकीय मंडळाने प्रकृतिजन्य, म्हणजे सेवेमुळे न झालेला, ठरविला होता, तरी सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये त्यांना निवृत्तिवेतन देवविले. कारण 1982 च्या नियमांप्रमाणे, भरतीच्या वेळी विकाराची नोंद नसल्यास शिपाई निरोगी होता असे गृहीत धरायचे, संशयाचा फायदा त्याला द्यायचा, आणि विकार आधीचाच होता असे म्हणणाऱ्या मंडळाने कारणे लिहायची असतात. मात्र 21 सप्टेंबर 2023 पासून नवे नियम अमलात आले असल्याने त्यानंतर सेवामुक्त झालेल्यांनी ते आधी वाचावेत.

उरलेले गैरसमज थोडक्यात. 'लढाईतलीच दुखापत हवी': युद्धभूमीची अट नाही. 'मुदत भरून निवृत्त झालेल्याला वाढीव टक्केवारी नाही': शेकडा 20 ते 50 मधले अपंगत्व 50 धरण्याचा लाभ राम अवतार प्रकरणाच्या 2014 च्या निकालाने त्यालाही मिळतो. 'मुदत टळली, हक्क बुडाला': पहिले अपील सहा महिन्यांत करावे हे उत्तम, तथापि तरसेम सिंग प्रकरणात 2008 साली ठरल्याप्रमाणे विलंबाने थकबाकीला कात्री लागते, मूळ हक्काला नव्हे. 'दिल्ली गाठावी लागते': आपल्या छत्तीसगडसाठी सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचे पीठ जबलपुरास आहे.

तेव्हा, मंडळींनो, चहा क्षणभर बाजूला ठेवून त्या कागदाची घडी उलगडा. कारणांच्या रकान्यात 'प्रकृतिजन्य' एवढा एकच शब्द असेल, तर अपिलाचा पहिला परिच्छेद त्याच शब्दापासून लिहावयास घ्या.