शब्दसंग्रहवर्धन

विद्यार्थ्यांना अवगत असलेल्या शब्दांच्या संख्येत आणि त्या शब्दांच्या अर्थज्ञानात योजनापूर्वक भर घालण्याची शैक्षणिक प्रक्रिया. ऐकताना वा वाचताना जे शब्द केवळ कळतात, त्यांचा संग्रह सामान्यतः मोठा असतो. बोलताना व लिहिताना सहज योजले जाणारे शब्द त्या मानाने थोडे असतात. हे दोन्ही संग्रह वाढविणे व त्यांतील अंतर कमी करणे, हे या प्रक्रियेचे उद्दिष्ट होय.

शब्दसंग्रहाचा संबंध केवळ भाषाविषयाशी नाही. ‘एका आयताची लांबी व रुंदी अनुक्रमे १२ सेंमी. व ८ सेंमी. आहे’ या वाक्यातील ‘अनुक्रमे’ हा शब्द न कळल्यास गुणाकार येत असूनही विद्यार्थी अडखळतो. शब्दाची उणीव ही बुद्धीची उणीव समजली जाण्याचा धोका यात असतो.

संस्कृत पाठशाळांत अमरकोश मुखोद्‌गत करून घेण्याची प्रथा होती. त्याची पद्यरचना व विषयवार वर्गवारी स्मरणास साहाय्यक ठरे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक याने शब्दांची वारंवारता मोजून १९२१ मध्ये १०,००० इंग्रजी शब्दांची सूची शिक्षकांसाठी प्रसिद्ध केली. बंगालमध्ये शिक्षणक्षेत्रात कार्य केलेल्या मायकेल वेस्ट याची सु. २,००० शब्दांची सूची १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली. कोणते शब्द आधी शिकवावेत, हे ठरविण्यास अशा सूची उपयुक्त ठरतात. तथापि सूचीचे पाठांतर म्हणजे शब्दज्ञान नव्हे.

शब्दाचा अर्थ त्याच्या उपयोगातून स्थिर होतो. मराठीत भाजी चिरतात, केस कापतात, फांदी छाटतात व फूल खुडतात. ही क्रियापदे समानार्थी म्हणून पाठ करण्यापेक्षा त्यांतील भेद वाक्यांतून दाखविणे अधिक फलदायी ठरते. शब्दसिद्धीचे ज्ञानही साहाय्यक असते. ‘हृ’ धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार, उपहार असे शब्द सिद्ध होतात. मात्र केवळ उपसर्गावरून अर्थ निश्चित करता येत नसल्याने येथेही वाक्याचा आधार घ्यावा लागतो.

घरची बोली व पाठ्यपुस्तकाची भाषा यांत अंतर असल्यास विशेष दक्षता आवश्यक असते. ‘मुलगी’ या अर्थी मालवणीत ‘चेडू’, तर अहिराणीत ‘आंडेर’ हा शब्द आहे. असे शब्द अशुद्ध ठरवून पुसून टाकल्यास मूल बोलणेच टाळू लागण्याचा संभव असतो. त्यांच्या जोडीने प्रमाण शब्द दिल्यास संग्रह दुणावतो.

नवा शब्द वाचनात आल्यावर प्रथम संदर्भावरून अर्थाचा तर्क करणे, मग तो शब्दकोशात पडताळणे, काही दिवसांच्या अंतराने त्याची उजळणी करणे व स्वतःच्या वाक्यात तो योजणे, हा क्रम उपयुक्त असतो. थोडे शब्द घेऊन ते पुनःपुन्हा वेगवेगळ्या संदर्भांत योजल्यास ते विद्यार्थ्याच्या नित्य वापरात येतात.